शिकलेला कान उघडा कसा राहतो?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढून, म्हणजे तारेचा नाद खुलवून घ्यायला बसलं की दुपार कधी सरते ते कळत नाही. मी पेटी वाजवतो, शिकवतोही. क्लासचा तंबोरा वर्षा-दीड वर्षाने तिथं न्यावाच लागतो. कारागीर घोडीवरून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरून, कानस हलक्या हाताने फिरवतात, तार छेडतात, तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवतात, पुन्हा छेडतात. तार बोलायला लागेपर्यंत हेच चालतं आणि तोवर दुकानात कुणी बोलत नाही.

मागच्या खेपेला नेमकी रस्त्यावरून वरात आली. पुढे बेंजो पार्टी, मागे टेम्पोवर स्पीकरची भिंत. दुकानाच्या काचा थरथरायला लागल्या. मी वैतागून म्हणालो, "चाचा, थांबा जरा, हे जाऊ दे पुढं." त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मास्तर, बेंजोवाल्याची एक तार उतरलीय. पण हलगीवालं पोरगं लयीला पक्कं आहे."

त्या गदारोळात त्यांनी दोन गोष्टी नेमक्या टिपल्या होत्या. मला त्यातली एकही ऐकू आली नव्हती, कारण मी त्याला 'गोंगाट' म्हणून मोकळा झालो होतो आणि तिथंच माझं ऐकणं थांबलं होतं. चाळीस वर्षं सुरांत काढलेला माणूस मी. मग माझा कान बंद आणि त्यांचा उघडा, हे कसं?

'तानसेन नाही तर निदान कानसेन व्हावं' असं आपण म्हणतो. त्यात एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते, की गाणारा-वाजवणारा माणूस कानसेन असतोच. माझा अनुभव वेगळा आहे. गाणं शिकलेली माणसं कधी कधी सगळ्यांत मोकळ्या कानाची असतात आणि कधी कधी तीच सगळ्यांत बंद कानाची. दोन्ही गोष्टी तालमीतूनच येतात, म्हणून आधी तालीम कानाला काय करते ते पाहू.

तंबोऱ्याची खर्जाची तार षड्जात, म्हणजे 'सा'मध्ये लावलेली असते. तरी जवारी चांगली लागली असेल तर त्याच तारेतून गंधार, म्हणजे 'ग'ही ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कोणतीही तार पूर्ण लांबीने कंप पावत असताना त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच हिश्शांतही कंप पावत असते. पाच हिश्शांच्या त्या कंपनातून गंधार निघतो. घोडीचा माथा किंचित उतरता असतो, तार त्याला घासत राहते आणि त्यामुळे हे वरचे स्वर उजळतात. जवारीची सगळी करामत त्या उतारात आहे.

नव्या विद्यार्थ्याला हा गंधार ऐकू येत नाही. महिना जातो, कधी सहा महिने जातात. मग एक दिवस तो तंबोरा छेडता छेडता मान वर करतो आणि म्हणतो, "सर, ग! ग येतोय!" तो स्वर पहिल्या दिवसापासून तिथंच होता. आता कानाला त्याची जागा सापडली. आणि एकदा सापडली की ती पुसता येत नाही. यापुढे तंबोरा ऐकताना तो गंधार त्याला ऐकू येणारच.

तालीम म्हणजे अशा शेकडो जागा सापडणं. आधी जे एकसंध होतं त्याचे कण दिसायला लागतात. अमेरिकेत १९७४ मध्ये बीव्हर आणि किआरेलो या दोन संशोधकांनी लोकांना एका वेळी एकाच कानात सुरावटी ऐकवल्या. संगीत न शिकलेल्यांना त्या डाव्या कानाने ओळखणं सोपं गेलं, शिकलेल्यांना उजव्या. उजव्या कानातलं बरंचसं मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडे जातं. त्यावरून त्यांनी असा अर्थ लावला की न शिकलेला माणूस सुरावट अखंड ऐकतो आणि शिकलेला तिचे भाग पाडून ऐकतो. मेंदूची इतकी सरळ वाटणी आजचे शास्त्रज्ञ करत नाहीत. पण भाग पाडून ऐकण्याचा अनुभव प्रत्येक वादकाला आहे. लग्नात सगळे जेवत असतात आणि आपल्याला फक्त सनईवाल्याचा निषाद चढल्याचं ऐकू येत असतं.

शिवाय कान नुसता ऐकत नाही, तो पुढच्या क्षणाचा अंदाजही बांधत असतो. अमेरिकन अभ्यासक लिओनार्ड मेयर यांनी १९५६ मध्ये हे विस्ताराने मांडलं: संगीतातली भावना आपल्या अपेक्षा पुऱ्या होण्यातून आणि लांबण्यातून जन्मते. भूप रागात मध्यम हा स्वर नसतोच, म्हणून भूप घोटलेल्या माणसाला त्यात मध्यम आला की खटकतं. कितीही उदार मनाचा असला तरी खटकतंच. याला आढ्यता म्हणू नये. पायात काटा गेल्यावर पाय मागे येतो, तसं आहे हे.

आढ्यता पुढं सुरू होते. 'मला खटकलं' हे कानाचं काम झालं. 'म्हणून हे वाईट' हे मत झालं. आणि 'हे आवडणारी माणसं अडाणी' इथं आपण संगीताबद्दल बोलणं सोडून माणसांबद्दल बोलायला लागलेलो असतो. बोलताना हे तिन्ही एका दमात होतं, त्यामुळे आपलं आपल्यालाही कळत नाही की आपण कुठं पोहोचलो.

माझ्याच वाद्याचं उदाहरण घ्या. मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी होती. आक्षेप खोटा नव्हता. पेटीचे बारा सूर ठरलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही आणि तिचा गंधार तंबोऱ्याच्या स्वयंभू गंधाराशी जुळत नाही, चढा लागतो. मी स्वतः मुलांना सांगतो, गळ्याचा गंधार पेटीवरून शिकू नका. इथपर्यंत कानाचं काम. पण तिथून पुढं 'हे परकं वाद्य आहे, हिंदुस्थानी संगीतात त्याला जागा नाही' असा निकाल लागला, आणि १९७१ पर्यंत तो टिकला. मग बंदी टप्प्याटप्प्याने सैल होत गेली. या तीस वर्षांत आमच्याकडच्या बैठकीत, भजनात, नाटकांच्या तालमीत पेटी वाजतच होती. पेटी वाजवणाऱ्याला फक्त इतकंच कळत होतं की आपण जे करतो ते सरकारदरबारी गाणं नाही.

सिनेमाच्या गाण्यांचंही तेच झालं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ पासून दहा वर्षं माहिती व नभोवाणी मंत्री होते, आपले मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम करणारे. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा सिनेगीतं लावणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळवला. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांनी शास्त्रीय संगीताला रेडिओवर मोठी जागा दिली, ते ऋण मी मानतो. पण एका गोष्टीवरचं प्रेम दुसरीचं तोंड बंद करून सिद्ध होत नाही.

आता शिकलेल्या कानाबद्दलची जी गोष्ट मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते, ती सांगतो. आपल्याला वाटतं आपण कानाने ठरवतो. चिया-जुंग त्साय या संशोधिकेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग पाहा. पाश्चात्त्य संगीताच्या मोठ्या स्पर्धांतले शेवटच्या फेरीतले तिघे वादक घेतले. काही लोकांना त्यांचं फक्त वादन ऐकवलं, काहींना फक्त चित्रफीत दाखवली, आवाज बंद करून. खरा विजेता कोण ते ओळखायचं. नुसतं ऐकणाऱ्यांचा नेम अंदाजपंचे निवडावा तितपतच लागला. आवाजाशिवाय नुसतं पाहणाऱ्यांनी मात्र जवळपास निम्म्या वेळा विजेता बरोबर ओळखला. त्यात व्यावसायिक संगीतकारही होते आणि त्यांचंही असंच झालं. हाताच्या हालचाली, चेहरा, ऐट यांवरूनच निकाल ठरत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण सूर तोलतोय.

व्हायोलिनचा प्रयोगही असाच. २०१० मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात एकवीस कसलेल्या वादकांना डोळ्यांवर काळे चष्मे घालून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी आणि तीन जुनी, इटलीतल्या नामवंत कारागिरांची, त्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियसची. सगळ्यांत जास्त पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला आणि सगळ्यांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला. मिरजेत हे ऐकून कुणाला नवल वाटणार नाही. नाव मोठं असलं की तंबोरा आपोआप गोड लागतो, हे गल्लीतला प्रत्येक कारागीर गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावर पाहत आलेला आहे.

याची उलट बाजू सांगलीत घडली, शंभर वर्षांपूर्वी. मोगूबाई कुर्डीकर तेव्हा नाटक कंपन्यांमधून काम केलेली एक तरुण मुलगी होती, सातारकर स्त्री संगीत मंडळीतूनही ती बाहेर पडली होती. नाटकातल्या बाईच्या गाण्याकडे तेव्हाचे खानदानी गवई कोणत्या नजरेने पाहत ते सांगायला नको. जयपूर घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ त्या सुमारास आबासाहेब सांबारे वैद्यांकडे औषधोपचारासाठी सांगलीत आले होते. रस्त्याने जाता-येता त्यांच्या कानावर एका घरातून रियाजाचा आवाज पडायचा. गाणारी कोण, कुठली, कुणाची शिष्या, काही माहीत नाही, समोर दिसतही नाही. ते थांबून ऐकत. मग त्यांनी तिला शिकवायला घेतलं. जयपूर घराण्याची गायकी मोगूबाईंकडे आणि त्यांच्याकडून त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकरांकडे आली, तिची सुरुवात सांगलीतल्या एका बंद घराबाहेर थांबून ऐकण्यातून झाली. आधी डोळ्यांनी पाहिलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

ही पाहण्याची गोष्ट फक्त स्पर्धेपुरती नाही. आपण गाणं ऐकतो तेव्हा ते कोण गातंय, कुठल्या वस्तीत, कुठल्या जातीत, कुणासमोर, हे सगळं कानात शिरतं. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, ब्राह्मण घरातले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच १८६६ मध्ये जन्मलेले लावणीकार पठ्ठे बापूराव, तमाशाच्या फडात गेले तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार आला. त्यांची रचना कच्ची होती म्हणून नव्हे. लावणीचा सूर तोच होता, माणसांची सरमिसळ झाली होती आणि समाजाला ती चालणार नव्हती.

पियरे बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७९ च्या आपल्या ग्रंथात हेच फ्रान्समध्ये दाखवलं: अभिरुची ही आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे सांगण्याची खूण असते. पुढं १९९६ मध्ये पीटरसन आणि कर्न यांनी अमेरिकेतल्या पाहणीवरून सांगितलं की वरच्या वर्गातला जाणकार आता बदलतोय. तो फक्त ऑपेरा आणि सिंफनी न ऐकता सगळं ऐकायला लागलाय. हे वाचून बरं वाटतं. पण त्याच वर्षी बेथनी ब्रायसन यांनी उलटा प्रश्न विचारला: हे 'सगळं' ऐकणारे लोक काय ऐकत नाहीत? तर कमी शिकलेल्या लोकांना जे आवडतं, नेमकं तेच.

हे वाचल्यावर मी स्वतःची यादी करून पाहिली. मी ख्याल ऐकतो, कर्नाटक संगीत ऐकतो, गझल, जाझ, जुनी सिनेगीतं, कव्वाली. कुणी विचारलं तर 'मी सगळं ऐकतो' असंच सांगत आलो. मग न ऐकण्याची यादी केली. बेंजो. डीजेवर वाजणारी भीमगीतं. मिरवणुकीतली गाणी. आवाजाच्या पातळीबद्दलची तक्रार खरी आहे, ती मी सोडणार नाही. म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं आणि तान्ही मुलं दचकून उठतात. पण ती गाणी हळू आवाजात, घरी, मी कधी लावून ऐकली होती का? नव्हती.

खरं तर मला हे लवकर कळायला हवं होतं, कारण याची झळ मला लागलेली आहे. तरुणपणी पैशांसाठी मी लावणीच्या बैठकीला साथ केली. मनात धरून गेलो होतो की आपल्याला यात काय अवघड आहे. बाईंनी दुसऱ्याच लावणीत एक शब्द उचलला आणि तो समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी सोडून दिला, नुसता श्वास घेतला, डोळ्यांनी हसल्या, आणि अर्धी मात्रा उशिरा उरलेला शब्द असा टाकला की ढोलकीवाल्याने बरोबर त्याच ठिणगीवर थाप मारली. मी चुकलो. पुन्हा तीच जागा आली, पुन्हा चुकलो. ढोलकीवाल्या काकांनी सांभाळून घेतलं, नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तुम्ही सूर बघताय. बाईंचा शब्द बघा." त्या एका वाक्याने मला जे शिकवलं ते वर्षभराच्या क्लासात मिळालं नसतं. पुढं तीन-चार वर्षं त्या बैठकीत वाजवलं आणि ठेक्याशी खेळणं तिथंच शिकलो. मग गावातल्या एका शास्त्रीय सभेत साथीसाठी माझं नाव निघालं तेव्हा 'तो बैठकीच्या लावणीला वाजवतो' एवढ्या कारणावरून ते खोडलं गेलं. आजही आठवलं की वाईट वाटतं. आणि तरीही वरातीच्या दिवशी मी तेच केलं.

काकांच्या त्या वाक्यात उघड्या कानाचं बरंच गमक आहे, असं मला वाटतं. प्रत्येक संगीताचं माप वेगळं असतं. ख्यालात बढत पाहायची, राग कसा उलगडतो ते. लावणीत शब्दफेक आणि अदा. धनगरी ओवीत लांब पल्ल्याचा श्वास आणि माळावर पोहोचेल असा फेकलेला आवाज. ढोल-ताशात पन्नास हातांचं एका क्षणी पडणं. जाणकार चुकतो तो इथं. त्याच्या हातात एक उत्तम माप असतं, वर्षानुवर्षं घासून लख्ख केलेलं, आणि तो तेच घेऊन सगळीकडे जातो. ओवीत बढत शोधतो, मिळत नाही, आणि ओवीला नापास करतो.

मिरजेने याच्या अगदी विरुद्ध वागणारा माणूसही पाहिलाय. उस्ताद अब्दुल करीम खाँ. किराणा घराण्याचे, मूळचे उत्तरेतले, मिरजेत स्थायिक झालेले. ते म्हैसूर दरबारी जात, तिथं कर्नाटक संगीत ऐकलं, आणि नुसतं कौतुक करून थांबले नाहीत. तिथली सरगम आपल्या गाण्यात आणली, तिथले थोर रचनाकार त्यागराज यांची कृती ध्वनिमुद्रित केली. मराठी नाट्यपदंही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. कृष्णाजी बल्लाळ देवलांबरोबर श्रुतींच्या मोजमापावर काम केलं. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासातच त्यांचं निधन झालं आणि मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात ते विसावले. तिथं त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी संगीतसभा होते. भास्करबुवा बखल्यांनी तर ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम घेतली आणि नाटकांना चालीही दिल्या.

इथं घराण्यांवर अन्याय व्हायला नको. 'दुसऱ्यांचं ऐकू नकोस' असं गुरू शिष्याला सांगत, त्याला कारण होतं. गळा कच्चा असताना चार ठिकाणचं ऐकलं की चारही अर्धवट उतरतं. रोप लहान असताना कुंपण लागतंच. माझा आक्षेप कुंपणाला नाही. झाड मोठं झाल्यावरही ते कुंपण तसंच ठेवून 'बाहेर काही उगवतच नाही' असं म्हणण्याला आहे.

साथीदार या बाबतीत नशीबवान. तबलजी, पेटीवाले, बँडमधले क्लॅरिनेटवाले. सकाळी भजन, दुपारी लग्न, रात्री नाट्यसंगीत. पोट त्यांना एका मापावर थांबू देत नाही. वाद्यं बनवणाऱ्यांचंही तसंच. गल्लीतल्या चाचांकडे तंबोरा घेऊन ख्यालगायकही येतात आणि बेंजोच्या तारा बदलायलाही कुणी येतं. दोघांचंही वाद्य बोलतं करायचं तर दोघांना काय ऐकायचंय ते कळावं लागतं.

आणि वारंवार ऐकण्याला पर्याय नाही. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं की अनोळखी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती जरा आवडायला लागते. एकदा ऐकून दिलेला निकाल बहुतेक वेळा अनोळखीपणाचाच निकाल असतो. म्हणून मी स्वतःला एक नियम घातलाय: तीनदा ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही. तिसऱ्या वेळेनंतर नाही आवडलं तर नाही आवडलं. नावडीचा हक्क मी राखून ठेवलाय.

गेल्या महिन्यात क्लासमधल्या अकरावीतल्या मुलीने भीत भीत विचारलं, "सर, एक ऐकवू का? तुम्हाला आवडणार नाही." मराठी रॅप होतं. पहिल्यांदा मला फक्त घाई ऐकू आली. दुसऱ्या वेळी तिला म्हणालो, हाताने ताल धर. ती धरायला लागली आणि मला दिसलं की मुलगा शब्द मात्रेच्या किंचित मागे टाकतोय, सलग, ठरवून, आणि कडव्याच्या शेवटी एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येतोय. "ही तिहाई आहे," मी म्हणालो. ती म्हणाली, "आम्ही त्याला काही म्हणत नाही, सर. पण तिथंच अंगावर काटा येतो."

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा साथ करावी म्हणून मी पेटी पुढं ओढली. गाण्याची पट्टी काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध कुठंतरी होती. पेटीत ती पट्टीच नव्हती. मग पेटी बंद केली, कोपऱ्यातला तंबोरा घेतला आणि खुंटी पिळत त्या मुलाच्या षड्जात लावायला बसलो.